सूर्यातलं मीठ

आमच्या गावी, राजूरच्या बाजूला, कुणी विचारलं की पोरगं काय करतं, तर माझे वडील ऐटीत सांगायचे, "जालन्याला लॅबमधी हाय." गावानं त्याचं दोन दिवसांत 'लबाडीत हाय' करून टाकलं. मी सुट्टीला गेलो की माणसं विचारायची, "काय मंग, कशी चालू राह्यली लबाडी?" मीही म्हणायचो, "एकदम बराबर!" उभा जन्म त्या नोकरीत गेला. आता पेन्शन सुरू आहे, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सांगतो, गावाचं अगदीच चुकलं नव्हतं.

हुद्दा म्हणाल तर प्रयोगशाळा परिचर. सरळ भाषेत, बाटल्या धुणारा. जालन्यातलं लहानसं कॉलेज, रसायन आणि भौतिक दोन्ही प्रयोगशाळा एकाच लांब खोलीत, मधे आडवी कपाटं, आणि दोन्हींना मिळून मी एक माणूस. ह्या अंकाचे संपादक लिहा म्हणाले तेव्हा मी हात जोडले होते. म्हटलं, अहो, बाटल्या घासल्या, पुन्हा घासल्या, यात लिहायचं काय? ते म्हणाले, घासताना काय दिसलं ते लिहा. बरं, तेवढंच लिहितो.

ज्यांनी सायन्स केलं नाही त्यांच्यासाठी आधी आमचा धंदा सांगतो. प्रात्यक्षिक परीक्षेत पोराला एक पांढरी पूड देतात. दिसायला सगळ्या पुड्या सारख्याच, मीठ म्हणा नाहीतर चुना म्हणा. तीन तासांत त्यानं ओळखायचं की ही पूड कशाची. मराठी पुस्तकात तिला क्षार म्हणतात, इंग्रजी शिकलेले सॉल्ट म्हणतात, आणि आमच्याकडचे सगळे सालट म्हणतात. एका पोराचे वडील एकदा मला म्हणाले, "सालट म्हंजे मीठच ना वो? मंग चाटून सांगायचं की पोरांनी, एवढा तमाशा कशाला?" मी म्हटलं, "पाटील, त्यातले काही असे आहेत की चाटले तर तुमचं पोरगं पास-नापासाच्या पार पल्याड जाईल." त्यानंतर ते पोराला घ्यायला स्वतः यायला लागले.

चाटायचं नाही, जाळायचं. बोटभर लांबीची प्लॅटिनमची तार असते, काचेच्या दांडीत बसवलेली. सोन्यासारखी जपायची. संध्याकाळी तारा मोजल्याशिवाय मी कधी कुलूप लावलं नाही. ही तार आम्लात बुडवायची, बर्नरच्या ज्योतीत धरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा धरायची, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. म्हणजे तार स्वच्छ झाली. मग तिला पूड लावून ज्योतीत धरायची, आणि ज्योत आपण होऊन नाव सांगते. सोडियम असला, म्हणजे आपल्या खायच्या मिठात असतो तो, तर ज्योत हळदीसारखी पिवळी. पोटॅशियम असला तर फिकट जांभळी. कॅल्शियमला विटेचा रंग, बेरियमला पोपटी, स्ट्रॉन्शियमला कुंकवाचा.

यात सोडियम हा मोठा दांडगट. नखभर असला तरी बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. घाम पुसलेलं बोट तारेला लागलं तरी ज्योत भपकन पिवळी होते. म्हणून टेबलावर निळ्या काचेचा एक तुकडा ठेवलेला असतो. त्यातून पाहिलं की पिवळं अडतं आणि मागं जांभळं लपलेलं असेल तर तेवढं दिसतं.

आणि आमच्याकडं एक नळी होती. हातात धरायची, पितळेची, एका टोकाला बारीक फट. फटीतून आलेला उजेड आत फाकतो आणि तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसतो. मीठ जळतंय त्या ज्योतीकडं नळी धरली तर पट्टा नाही, काळोखात एकच पिवळी रेघ. आता तीच नळी दिवसाच्या उजेडाकडं धरा. सूर्याकडं नाही हं, डोळा जाईल. आम्ही चुना दिलेल्या भिंतीवर ऊन पडलं की तिकडं धरायचो. पट्टा पुरा दिसतो, पण जिथं मिठाची पिवळी रेघ होती, बरोबर त्याच जागी एक बारीक काळी रेघ.

आमचे विभागप्रमुख सर हे इतकं छान समजावायचे की मला पाठ झालं. सूर्याच्या अंगाभोवती तापलेली वाफ आहे, तिच्यात सोडियम आहे. तो जळताना जो रंग देतो, तोच रंग मागून येणाऱ्या उजेडातून गिळतोही. त्यानं गिळलेली जागा म्हणजे ती काळी रेघ. लोखंडाच्या वेगळ्या रेघा, कॅल्शियमच्या वेगळ्या. ताऱ्यांचंही असंच. तिथं कुणी गेलं नाही, कुणी मूठभर माती आणली नाही, नुसत्या रेघा वाचून कळलं की आपल्या तव्यात आहे ते लोखंड आणि आपल्या हाडांत आहे तो कॅल्शियम तिथंही आहे. मुख्य ऐवज मात्र हायड्रोजन, आणि त्याच्याखालोखाल हेलियम. हा हेलियम तर आधी सूर्यात सापडला आणि जमिनीवर नंतर. एखादा माणूस परमुलखात भेटावा आणि पुढं कळावं की हा तर आपल्याच गल्लीतला, तसं झालं.

वडील एकदा जालन्याला आले होते, त्यांना मी नळी दाखवली. बऱ्याच वेळानं डोळा काढला. म्हणाले, "सूर्यात लोखंड हाय म्हणतोस?"

"हाय ना."

"मंग मी रोज सकाळी त्याला पाणी घालू राह्यलो, गंजायचं तर न्हाई ते?"

सर तिथंच होते. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "बाबा, तिथं लोखंडाची वाफ आहे, तुमचं पाणी पोचेपर्यंत त्याचीही होईल. घाला बिनधास्त."

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. त्यात माझी अब्रू जाते, पण जाऊ दे.

सुजाता नावाची एक मुलगी होती. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं यायची. वडील शेतीकामावर रोजंदारीनं जायचे. ज्या वर्षी त्यांच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला त्या वर्षी जन्मली म्हणून नाव सुजाता, हे तिनंच मला एकदा सांगितलं, जरा मान वर करून. गाडी उशीर करायची म्हणून ती रोज दहा मिनिटं उशिरा यायची, आणि जागा मिळायची ती कोपऱ्यातली, जिथला बर्नर फुरफुर करतो. सगळी पोरं नळीतून पाहायची ती सिनेमाचं पोस्टर पाहावं तशी, पाहिलं, चला. ही पोरगी नळी सोडायचीच नाही.

"मामा," एकदा मला म्हणाली. मला सगळे मामाच म्हणायचे. "सूर्यातलं मीठ अन् आमच्या घरचं मीठ एकच?"

"एकच."

"पक्कं?"

"अगं, सरांनी सांगितलं ना!"

"सरांनी सांगितलं वो. पण पाह्यलं कुणी?" म्हणून तिनं डबा उघडला, भाकरीसोबत कागदाच्या पुडीत मीठ होतं ते काढलं, ज्योतीत धरलं, नळी लावली, मग भिंतीकडं लावली, मग पुन्हा ज्योतीकडं. असं पाच-सहा वेळा. शेवटी म्हणाली, "हां. बराबर हाय." जसं काही सूर्यालाच तिनं पास केलं. मला तिचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं. असली माणसं परिचराचा वेळ खातात.

आता माझी लबाडी. परीक्षेला कोणते क्षार काढायचे हे परीक्षक ठरवायचे, पण बाटल्या भरायचा मी. म्हणजे मला माहीत. आणि मला माहीत आहे हे पोरांना माहीत. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी माझ्या घरी पोरांची रीघ लागायची. सुकाळाच्या वर्षी मोसंबी यायची, शेंगा यायच्या, पण खरं सांगतो, मी त्याला भुललो नव्हतो. दिवसभर जो माणूस दुसऱ्याचं उष्टं आम्ल धुतो, त्याच्या पायऱ्या चढून चांगल्या घरची पोरं येतात, सतरंजीवर बसतात, 'मामा, मामा' करतात, बायको आतून चहा आणते, याचीच मला नशा होती. दुसरं काय!

घरी मी त्यांना फक्त खुणेचे शब्द शिकवायचो. हळद म्हणजे सोडियम, जांभूळ म्हणजे पोटॅशियम, वीट, पोपट, कुंकू तसंच. परीक्षेच्या दिवशी काडेपेट्या वाटत फिरताना मी सहज बोलल्यासारखं बोलायचो. "काय ऊन, पोपटाची चोच उघडी पडली." झालं. पोरं समजायची. परीक्षकांच्या समोर, सरांच्या समोर चालायचं हे. सरांना बिचाऱ्यांना वाटायचं, आमचा मामा बोलका आहे.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा होती. तेव्हाचं जालना ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. कॉलेजला टँकरचं पाणी यायचं, एक पिंप प्यायला आणि एक प्रयोगशाळेला. कॉलेजच्या मागं एक विहीर होती, तिला तेवढं पाणी होतं, पण खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, साबणाला फेस येत नव्हता. तिला सगळे खारी विहीरच म्हणायचे.

परीक्षेच्या सकाळी प्यायचं पिंप नऊ वाजताच कोरडं पडलं. उन्हातून सायकली मारत आलेली पोरं, तोंडं सुकलेली. औरंगाबादहून आलेल्या परीक्षकांनी येताच पाणी मागितलं. माझ्या पिंपात चांगलं गोड पाणी. मी म्हटलं, बाटल्यांना काय तहान लागते? पिंप सरकवलं बाहेर. परीक्षक दोन ग्लास प्यायले. पोरांनी उरलेलं संपवलं. आणि मी खाऱ्या विहिरीचं पाणी ओढून आणलं, त्यात काचा विसळल्या, त्यातच आम्ल पातळ करून बाटल्या भरल्या. पाणी दिसायला असं नितळ की विचारू नका. माझ्या डोक्यातही आलं नाही की खारं म्हणजे मीठ, आणि मीठ म्हणजे सोडियम. दर सालाला पोरांना मीच ओरडायचो, बोट लावू नका रे तारेला! अक्कल गहाण पडते ती अशी.

बारा जणांची बॅच होती. परीक्षकांनी सगळ्यांना एकच क्षार काढला, पोटॅशियमचा. मी काडेपेट्या वाटत निघालो. "यंदा जांभळं लई गोड असणार बघा." एकेका टेबलाशी हेच. पोरांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात सुजाताशी आलो. ती त्या दिवशी आधीची गाडी पकडून सगळ्यांच्या आधी आल्ती. तिच्यापाशीही तेच बोललो, सवयीनं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मामा, दुष्काळात कुठली आली जांभळं?"

मी हसून पुढं गेलो. तिला शब्द माहीत नव्हते. ती माझ्या घरी कधी आलीच नव्हती.

तीन तास झाले. परीक्षक एकेकाला बोलवून कागद तपासायला लागले. अकरा जण भराभर झाले. सुजाताचा कागद हातात घेतला आणि ते थांबले.

"पोटॅशियम आणि सोडियम. दोन्ही?"

"हो, सर."

"एकच क्षार दिला होता. दुसरा आला कुठून?"

"दिसला, सर. ज्योत पिवळी येऊ राह्यली. निळ्या काचेतनं पाह्यलं तर जांभळी पण दिसली. तीनदा केलं. नळीतबी रेघ दिसली."

"बाकी अकरा जणांना जांभळीच दिसली."

"त्यांना काय दिसलं ते मला कसं सांगता येईल, सर?"

परीक्षक वाईट माणूस नव्हते. उकाड्यानं आणि प्रवासानं वैतागलेले होते. पण जे बोलले ते बोलले. "हाताचं मीठ लागलंय तारेला. तुम्ही लोक हात धुऊन येत जा जरा."

'तुम्ही लोक' म्हणाले. त्याचा अर्थ न कळलेला तिथं एकही जण नव्हता.

सुजातानं आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. "हात धुतलेत, सर. साबणानं."

"मग हे मीठ कुठून आलं?"

"सर, मीठ तर सूर्यातबी दिसतं. आम्ही नळीतनं पाह्यलंय. त्याचेबी हात धुवायचे राह्यले का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिच्या कागदावर तांबडी रेघ मारली आणि म्हणाले, "उद्धटपणाचे गुण नसतात. उत्तर चूक. जा."

ती रेघ म्हणजे काय ते मला माहीत होतं. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष नापास. नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद. आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे बदनापूरची ती पोरगी पुन्हा गाडीत बसणार नव्हती. तिच्या वडिलांनी सांगूनच ठेवलं होतं, सरकार देतंय तोवर शीक, पुढचं माझ्यानं व्हायचं न्हाई.

आणि मी हातात खाऱ्या पाण्याची बरणी घेऊन बेसिनपाशी उभा. तिचं उत्तर ऐकता ऐकताच मला सगळं कळलं होतं. बोलायचं म्हणजे पाण्याचं सांगायचं. पाण्याचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच, की मग अकरा जणांना पिवळं दिसलं कसं नाही? पाण्याची चूक माफ झाली असती. जांभळाची होणार नव्हती. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, पाच वर्षं झाली तरी कायमचा हुकूम हातात नव्हता, तो त्या जूनमध्ये येणार होता. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला? मी गप्प बसलो. तिचे हात घाणेरडे ठरवले गेले आणि मी गप्प बसलो, हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं त्यानं हे पुसत नाही.

तिनं सही केली. पिशवी उचलली. दारापर्यंत गेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पाणी!"

परीक्षक म्हणाले, "नको आता. मघाशी प्यालो मी."

"प्यायचं न्हाई, सर. बाटल्यांचं." मग मात्र मी थांबलो नाही. प्यायचं पिंप संपलं, बाटल्यांचं पोरांना दिलं, खाऱ्या विहिरीचं आणलं, सगळं सांगितलं. "हात तिचे बरोबर हाईत, सर. पाणी माझं खारं हाय."

परीक्षकांनी नवीन आम्लाची सीलबंद बाटली फोडली, स्वतः तार स्वच्छ केली, रंग जाईपर्यंत जाळली. मग माझ्या बरणीत बुडवून ज्योतीत धरली. पिवळीजर्द! हळदीत लोळल्यासारखी ज्योत. आणि मग, ज्याची मला भीती होती तेच, त्यांनी अकरा कागद पुढं ओढले.

"ज्योतीचा रंग, जांभळा. ज्योतीचा रंग, जांभळा." एकेक पान उलटत गेले. "या पाण्यात जांभळी ज्योत नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्य नाही. हिनं जे दिसलं ते लिहिलंय. या अकरांनी काय लिहिलंय?"

सर भिंतीला टेकून उभे होते.

"मी सांगितलं, सर," मी म्हणालो.

"कसं?"

"जांभूळ म्हणून." मग जांभूळ, हळद, वीट, पोपट, सगळं ओकावं लागलं. आजची पोरं म्हणतात तसा माझाच पोपट झाला. सर फक्त एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही बोलके नव्हतात तर." ते मला आजवर बोचतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सुजाता दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा झाली. मी पहाटे टँकरच्या रांगेत उभा राहून दोन घागरी खांद्यावर आणल्या. परीक्षकांनी त्या दारात ठेवून घेतल्या आणि मला बाहेर काढलं. बाटल्या स्वतः भरल्या, प्रत्येकाला वेगळा क्षार. सुजाताला आत बोलावताना म्हणाले, "काल तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं." माफी म्हणावी अशी नव्हती, पण सगळ्यांदेखत बोलले, आणि 'तुम्ही' म्हणाले, 'तुम्ही लोक' नाही.

मी पायरीवर बसून होतो. माझ्याच प्रयोगशाळेच्या बाहेर, चपराशासारखा. पोरं बाहेर आली, एकानंही मामा म्हटलं नाही. एक जण जाता जाता म्हणाला, "घात केला राव तुम्ही." दोन दिवसांपूर्वी हाच माझ्या सतरंजीवर बसून चहा पिऊन गेल्ता. त्यातले चार जण त्या वर्षी नापास झाले. मला मेमो मिळाला, आणि कायमचा हुकूम तीन वर्षं लांबला.

सुजाता सगळ्यांच्या शेवटी आली. मी उठलो. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की ही आता आभार मानंल.

"कसा गेला पेपर?"

"बराबर गेला." ती थांबली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "मामा, एक विचारू? सगळ्यांना सांगितलं तुम्ही. मलाच का न्हाई सांगितलं?"

मी म्हटलं, "अगं, तू कधी विचारायला आलीच न्हाईस!"

"कुठं यायचं व्हतं?"

"कुठं म्हंजे? घरी. सगळे घरीच येत्यात."

"मी आले असते तर कुठं बसवलं असतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ज्योतीचा रंग विचारावा तसं विचारत होती. आमचं भाड्याचं घर, पुढं ओसरी, आत खोली. सतरंजी आतल्या खोलीत. मालकीणबाई समोरच राहायच्या, कोण आलं, कोण गेलं, कोण कुठल्या जातीचं, सगळं त्यांना पाहिजे. आणि त्यांच्यावर तरी कशाला ढकलू, माझ्या मनातही तेच होतं. माझ्या जिभेवर 'आत' असा शब्द आला होता. पण आदल्याच दिवशी या पोरीनं दिसलं तेच लिहिलं होतं आणि त्यापायी वर्ष पणाला लावलं होतं.

"ओसरीवर," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मला वाटलंच. पण खरं सांगितलं तुम्ही." आणि गाडीची वेळ झाली म्हणून स्टेशनच्या रस्त्याला लागली.

निकाल लागला. ती पास झाली, वरच्या नंबरात. पण गुणपत्रक न्यायला आली नाही. सुट्टीत घरची सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी सरांना म्हटलं, मी नेऊन देतो. सरांनी कपाट उघडलं आणि कागद माझ्या हातात दिला. त्या प्रकरणानंतर त्यांनी विश्वासानं मला दिलेली ती पहिली वस्तू.

त्यांच्या खडीच्या कामाला सुट्टी असायची तो दिवस पाहून मी बदनापूरला उतरलो. विचारत विचारत घर गाठलं. मातीच्या भिंती, वर पत्रा, दाराला गोणपाटाचा पडदा. सुजाता मला पाहून गडबडली, आत जाऊन आईला सांगितलं. मी बाहेरच, उन्हात, कागद हातात धरून उभा राहिलो. आत जावं का नाही, कुठं टेकावं, काही सुचेना. रस्त्यात वाक्यं जुळवून ठेवली होती, की बाई, तुम्ही पोरीला घेऊन आमच्या घरी या, आत बसा, माझी चूक झाली. त्यातलं एकही तोंडातून फुटेना.

तिची आई पदर सारखा करत दारात आली. हाताला खडीचे घट्टे पडलेले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पडदा एका हातानं बाजूला धरला.

"आमाला ओसरी न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "आतच बसावं लागंल तुमाला."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.